आवक, जावक, शिल्लक

आडगाव नाक्याच्या काट्यावर, सकाळी सव्वासातला,
गाडी रिकामी चढवली.
डिझेल अर्धी टाकी, स्टेपनी जागेवर, केबिनमध्ये कोणी नाही.
पावती फाडत पोऱ्या म्हणाला, दोन हजार पाचशे चाळीस.
पासिंग पाच हजार तीनशे.
बत्तीस वर्षं सातपूरच्या एका स्टोअरमध्ये काढली मी,
वजाबाकी आपोआप होते.
सत्तावीसशे साठ.
एवढ्यात घर बसवायचं.

पुष्कळ झालं की, शालन म्हणाली.
ती भूगोल शिकवायची;
घाट म्हणजे तिच्या लेखी तपकिरी रंग.

फय्याज मिस्त्री लोखंडावर अडून बसला.
ताई, जाड पत्रा घ्या, तीन पिढ्या बघायला नको.
मला एकच पिढी हवी आहे, मी म्हटलं, तीही उरलेली अर्धी.
ॲल्युमिनियम लाव, आतून पफचं पॅनल,
साडेसातशेच्या वर एक किलो नको.
त्याने फाळक्यावर खडूने आकडा लिहिला
आणि खाली रेघ मारली नाही.

पाणी दोनशे लिटर, दोनशे किलो.
पाण्याशी घासाघीस चालत नाही.
टाकी डाव्या अंगाला, म्हणून बॅटऱ्या उजव्या,
दोन्ही मागच्या ॲक्सलच्या पुढे,
नाहीतर चढाला तोंड हलकं होतं, स्टिअरिंग पोकळ लागतं.
हे एका ट्रेलरवाल्याने शिकवलं, काट्याच्या रांगेत.
चहाचे पैसेही त्यानेच दिले.

सिलिंडर: चौदा किलो गॅस,
तो धरून ठेवायला पंधरा किलो लोखंड.
यावर आम्ही दोघी बराच वेळ हसलो.
तिला सासर आठवलं, मला कंपनी.

पलंग साडेपाच फुटांचा.
अंथरूण पाहून, म्हणत ती
खडूच्या चौकोनात निजली, गुडघे जरा दुमडून,
बासष्ट वर्षांची बाई, गॅरेजच्या फरशीवर,
वेल्डिंगची पोरं काच वर करून बघत राहिली.

तिचं वजन एकसष्ट. माझं अठ्ठ्याहत्तर.
हा आकडा मी पेन्सिलीने लिहिला.

मग तिने बुटांची खोकी आणली.
वडील विहिरींना सुरुंग लावायचे, सिन्नरकडे,
काळ्या दगडाच्या पोटातून निघालेल्या गारगोट्या
कागदात गुंडाळून घरी आणायचे.
पांढऱ्या सुयांचे गुच्छ, एक फिकट हिरवी, बाटलीच्या काचेसारखी.
बेचाळीस किलो.
मी वही मिटली.
ती म्हणाली, अगं, आवक नाही ही, जावक आहे.
दर मुक्कामाला एक ठेवून यायचा.
स्पितीत शंभर वर्षांनी कोणी दगडवाला डोकं खाजवेल,
हा नाशिकचा माल इथे कसा?
गाडी जाता जाता हलकी होईल.
शिक्षकांशी वाद घालू नये.

सगळं बसवून झाल्यावर पुन्हा काटा.
वहीप्रमाणे चार हजार सहाशे नव्वद.
पावतीप्रमाणे पाच हजार एकशे दहा.
चारशे वीस किलो कुठून आले?
मी खिळा न् खिळा मोजला होता.
फय्याज चप्पल बघत उभा.
खालून लोखंडच घातलंय ताई.
दोन बायका, तो रस्ता…
झोप लागेना मला.
त्याला बोलायला तोंड उघडलं होतं.
एकशे नव्वद शिल्लक होते.
मिटलं.

शालन उतरली, आकडा साठने घसरला.
रिक्षात राहिलेला शेवटचा दगड घेऊन ती परत चढली:
पुन्हा पाच हजार एकशे दहा.
दहाच्या खालचं काट्याला दिसत नाही, पोऱ्या म्हणाला.
मग हा नको लिहूस, शालन म्हणाली.

मी लिहिला.
चार किलो, अंदाजे.
पेनाने.